पर्डिकसचा नदी ओलांडायचा उतार कशाने खचला?

इ.स.पू. 323च्या जूनमध्ये अलेक्झांडर बाबिलोनला वारला. मागे उरले एक दुबळ्या बुद्धीचा सावत्र भाऊ आणि काही आठवड्यांनी जन्मलेला मुलगा. दोघांच्या नावाने राज्य हाकत होता सेनापती पर्डिकस. इजिप्तचा सुभेदार टॉलेमी याने अलेक्झांडरचे शवच वाटेतून पळवले, तेव्हा पर्डिकस हत्तींसह त्याच्यावर चालून गेला. साल 321 की 320, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

नाईलने त्याला आधीच एक इशारा दिला होता. नाईलच्या पूर्वेकडच्या मुखावरील पेलूझियम शहराजवळ जुना कालवा उपसायला घेतला, तर नदीचे पाणी मुसंडी मारून आत घुसले आणि केलेले काम वाहून गेले. तरी मेंफिस या जुन्या राजधानीसमोर, जिथे नदी फुटून मध्ये बेट तयार झाले आहे, तिथे त्याने सैन्य पाण्यात उतरवले. पाणी हनुवटीला लागत होते. डाव्या हाताला, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, धार मोडायला हत्ती. उजवीकडे वाहून जाणाऱ्यांना धरायला घोडेस्वार. योजना विचारपूर्वक आखलेली होती.

पहिली तुकडी बेटावर पोचली. मग मधले पाणी एकाएकी खोल झाले. वर पाऊस झाला असेल, कुठला तरी कालवा नदीत फुटला असेल, असे सैनिक म्हणू लागले. इतिहासकार डायोडोरस मात्र खरे कारण देतो: हत्ती, घोडे आणि माणसांच्या पायांनी तळाची वाळू सुटी झाली आणि प्रवाहाने ती नेली.

आजच्या जलविज्ञानाशी हे जुळते. बारीक वाळू हलायला सेकंदाला साधारण 20 ते 30 सेंमी वेगही पुरतो. त्यात पाण्यात रोवलेल्या प्रत्येक पायापाशी प्रवाह खाली वळतो, भोवरा धरतो आणि बुडाची वाळू उकरतो. पुराच्या वेळी पुलाचे खांब खचतात ते याच क्रियेने.

हनुवटीइतक्या पाण्यात तर काही सेंटिमीटरचा खड्डाही जिवावर बेततो. तिथे 70 किलोच्या माणसाचा पायांवरचा भार शस्त्रांशिवाय जेमतेम पाच-सहा किलो उरतो, आणि सेकंदाला 1 मीटर वेगाची धार त्याला सुमारे 30 किलोच्या जोराने ढकलते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. पाय टिकणार कसे? आधी पायदळ, आणि जनावरे पुष्कळ खालच्या अंगाने, असा क्रम ठेवला असता तर उतार जास्त टिकला असता.

बेटावरची माणसे लढायला फार थोडी होती, म्हणून पर्डिकसने त्यांना परत बोलावले. त्यांना त्याच उकरलेल्या पात्रातून यावे लागले. पट्टीचे पोहणारे शस्त्रे टाकून कसेबसे काठाला लागले. 2,000हून अधिक माणसे गेली. त्यांतली निदान 1,000 मगरींनी खाल्ली, असे डायोडोरस लिहितो. टॉलेमीने आपल्या काठाला लागलेल्या प्रेतांचे दहन करून अस्थी नातेवाइकांकडे पाठवल्या. छावणीत संताप उसळला. पायथॉनसह शंभरेक सरदार उलटले आणि पर्डिकसचा त्याच्याच तंबूत खून झाला. कटात सेनानी सेल्यूकसही होता.

पर्डिकसच्या बाजूने लढणाऱ्या युमेनिसने आशिया मायनरमध्ये (आजच्या तुर्कस्तानात) टॉलेमीच्या गटातल्या, सैनिकांच्या लाडक्या सेनापती क्रेटरसला हरवून ठार केल्याची बातमी छावणीत पोचली ती यानंतर. सैन्याने तिथेच युमेनिसला मृत्युदंड ठोठावला.