सहा महिन्यांचा नियम: पाळीव कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीची पार्श्वभूमी

घरच्या कुत्र्याची किंवा मांजराची नसबंदी करून घ्या, हा सल्ला हल्ली लसीच्या कार्डाबरोबरच मिळतो. आपल्याकडे तो घरात आला रस्त्यावरून. मुंबईत भटकी कुत्री मारण्याची पद्धत कंपनी सरकारच्या काळातली. 1832 च्या जूनमध्ये त्यावरून पारशी आणि हिंदू रस्त्यावर उतरले, दंगल झाली, तरी मारणं काही कायमचं थांबलं नाही. मारून संख्या आटोक्यात येत नाही, हे 1990 च्या दशकात मुंबई आणि चेन्नईत मान्य झालं. पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं, ही रीत 2001 च्या केंद्रीय नियमांनी देशभर नेली.

त्याच नियमांत आणखी एक वाक्य होतं: पाळीव कुत्र्याचं नियंत्रित प्रजनन, लसीकरण, नसबंदी आणि परवाना ही मालकाची जबाबदारी. त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. 2008 चा मुंबईतला न्यायालयीन निकाल, 2023 चे सुधारित नियम, ऑगस्ट 2025 मधले दिल्लीबाबतचे सर्वोच्च न्यायालयाचे उलटसुलट आदेश, या सगळ्यांत भांडण रस्त्यावरच्या कुत्र्यांचं. घरात झालेली आणि कुणी न नेलेली पिल्लं बाजाराच्या मागे सोडली जातात, तो ओघ चर्चेत येतच नाही.

गावठी माद्या बहुधा पावसाळा सरता सरता, भादव्याच्या आसपास माजावर येतात. त्रेसष्ट दिवसांच्या हिशेबाने थंडीत पिल्लं दिसू लागतात. घरातल्या जातिवंत माद्यांना असं वेळापत्रक नाही. साधारण दर सहा ते आठ महिन्यांनी, कोणत्याही ऋतूत. मांजरीचं तर विचारूच नका: चौथ्या-पाचव्या महिन्यात माजावर येऊ शकते, बीज मीलनानंतरच सुटत असल्याने गर्भ हमखास राहतो, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. म्हणून मांजराच्या बाबतीत वयाचा वाद जवळपास नाहीच. पाच महिन्यांच्या आत उरकावं. ‘एक वेत होऊ द्या, मग करा’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही.

खरा गुंता कुत्र्यांच्या वयाचा. ‘सहा महिने’ हा आकडा इतका रुळला की तो निसर्गनियमच वाटावा. त्याला बळ मिळालं ते अमेरिकेत 1969 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून. त्यानुसार पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या मादीत स्तनांच्या गाठींचा धोका, न केलेल्या मादीच्या तुलनेत, अवघा 0.5 टक्के उरतो. एका माजानंतर केली तर 8 टक्के, दुसऱ्यानंतर 26 टक्के. हे आकडे चार दशकं जसेच्या तसे सांगितले गेले. 2012 मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पुरावा कच्चा असल्याचं निघालं. फायदा नाही असं नव्हे, पण दशांशापर्यंत ठाम बोलण्याजोगा तो नाही.

लगेच 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवरचा अभ्यास आला. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी 10 टक्क्यांत खुब्याच्या सांध्याचा विकार आढळला, न केलेल्यांच्या दुप्पट. कारण समजण्यासारखं आहे. हाडाच्या टोकाची वाढपट्टी बंद होण्याचा इशारा लैंगिक संप्रेरकं देतात. नसबंदीत बीजाशय (बहुधा गर्भाशयासह) किंवा अंडकोष काढल्याने ती लवकर गेली की हाड जास्त काळ लांबत राहतं, सांध्याचे कोन बदलतात, गुडघ्याच्या अस्थिबंधावर ताण येतो. 2020 मध्ये 35 जातींची तुलना झाली, तेव्हा लहान चणीच्या जातींत असा फरक बहुतेक दिसला नाही. म्हणजे पॉमेरेनियनला सहा महिने चालतील. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड यांची वाढ पुरी होऊ द्यावी, वर्ष-दीड वर्ष थांबावं.

या अभ्यासांचा आधार घेऊन नसबंदीच टाळणारे मालक आता भेटतात. ते चुकतात. थांबणं वेगळं, न करणं वेगळं. गर्भाशयात पू होण्याचा आजार माजानंतर दोन ते आठ आठवड्यांत डोकं काढतो: मादी पाणी फार पिते, खात नाही, कधी योनीतून घाण वास येणारा स्राव होतो, कधी गर्भाशयाचं तोंड बंद असल्याने तोही दिसत नाही. स्वीडनमधल्या विमा-नोंदींत दहा वर्षांपर्यंत सुमारे चौथाई माद्यांना तो झालेला आढळला. तेव्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया तीच, पण विषबाधा झालेल्या, म्हाताऱ्या जनावरावर. माज लांबवणारी इंजेक्शनं स्वस्त म्हणून घेतली जातात. ती याच आजाराला आमंत्रण देतात.

शस्त्रक्रियेत आपल्याकडे नडते ती गोचीड. गोचीडतापात रक्तातल्या प्लेटलेट घटतात. वरून कुत्रं ठणठणीत दिसतं आणि टेबलावर रक्त थांबत नाही. म्हणून आधी रक्ततपासणी, हा खर्च वाचवू नये. माजात असताना रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, तेव्हा माजानंतर दोन-तीन महिने जाऊ द्यावेत. मोठ्या कुत्र्याला आदल्या रात्रीनंतर खाणं नाही. मांजराच्या पिल्लाला इतकं उपाशी ठेवलं तर साखर उतरते, त्याला काही तासच पुरे. बीजाशयाचा तुकडा आत राहिला तर मादी पुन्हा माजावर येते. नराचा एक अंडकोष खाली उतरलेला नसेल तर तो पोटातून शोधून काढावाच लागतो, तिथे गाठीचा धोका जास्त.

घरी आणल्यावर टाके चाटणं हीच मोठी अडचण. गळ्यातली कॉलर दहा ते चौदा दिवस, रात्रीसुद्धा. पुढच्या महिन्यांत वजन वाढतं, कारण नसबंदीनंतर शरीराची गरज कमी होते आणि जेवण मात्र आधीइतकंच दिलं जातं. जेवण पाचवा हिस्सा तरी कमी करावं. आणि नराची नसबंदी झाली म्हणून त्याच आठवड्यात त्याला माजावरच्या मादीजवळ सोडू नये. नळ्यांमध्ये साठलेले शुक्रजंतू काही आठवडे टिकतात.