ऑन-कॅम्पस नोकरी (अमेरिकेतील एफ-१ विद्यार्थी)

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने स्वतःच्याच विद्यापीठाच्या आवारात किंवा विद्यापीठाशी शैक्षणिक संबंध असलेल्या ठिकाणी करायचे काम. ग्रंथालयाचा काउंटर, डायनिंग हॉल, संगणक प्रयोगशाळा, उत्तरपत्रिका तपासणारा ग्रेडर, टीए (शिकवण्यात मदत करणारा सहायक) आणि आरए (संशोधनात मदत करणारा सहायक) ही त्याची नेहमीची रूपे. या कामासाठी इमिग्रेशन खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही, वर्क परमिटचे कार्डही लागत नाही. एफ-१ दर्जा शाबूत असला की परवानगी आपोआप मिळते. जे-१ या आदान-प्रदान व्हिसावाल्यांना मात्र ज्या संस्थेमार्फत ते आले तिची लेखी मंजुरी लागते, आणि एफ-२ वर आलेल्या जोडीदाराला काम करताच येत नाही.

दर्जा शाबूत राहण्यासाठी पूर्णवेळ शिक्षण चालू असावे लागते. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात साधारणपणे किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. पदव्युत्तरांसाठीचा आकडा विद्यापीठ ठरवते. नव्याने आलेल्याला आय-२० वर (विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशपत्रावर) छापलेल्या अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेआधी ३० दिवसांपासून काम सुरू करता येते.

‘कॅम्पस’ म्हणजे काय, यावर सर्वांत जास्त गोंधळ होतो. जमीन विद्यापीठाची असणे पुरेसे नाही. आवारातले पुस्तकाचे दुकान किंवा उपाहारगृह खासगी कंपनी चालवत असली, तरी ते विद्यार्थ्यांना सेवा देत असल्याने तिथली नोकरी चालते. त्याच आवारात नवी इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराकडची नोकरी मात्र चालत नाही. उलट, आवाराबाहेरची एखादी प्रयोगशाळा अभ्यासक्रमाशी किंवा पदव्युत्तर पातळीवरील कराराच्या संशोधनाशी जोडलेली असेल आणि ते काम विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा अविभाज्य भाग असेल, तर ती ‘ऑन-कॅम्पस’ धरली जाते. म्हणजे नियम भूगोलापेक्षा नाते बघतो. कॅम्पसच्या फाटकासमोरचे भारतीय रेस्टॉरंट या नात्यात बसत नाही, मालक कितीही ओळखीचा असला आणि पगार रोख देत असला तरी.

सत्र चालू असताना मर्यादा आठवड्याला २० तासांची. ही सरासरी नव्हे. परीक्षेच्या आठवड्यात १० तास केले म्हणून पुढच्या आठवड्यात ३० करता येत नाहीत. दोन नोकऱ्या असतील तर दोन्हींचे तास एकत्र मोजले जातात. २० तासांची असिस्टंटशिप (टीए किंवा आरएची नेमणूक) असलेल्याला डायनिंग हॉलची शनिवारची शिफ्टही उरत नाही. सुट्ट्यांमध्ये, विद्यार्थी पात्र असेल आणि पुढच्या सत्राला नाव नोंदवणार असेल, तर पूर्णवेळ काम करता येते. मर्यादा ओलांडणे हा दर्जाचा भंग ठरतो आणि त्यापायी सेव्हिस या सरकारी नोंद प्रणालीतील विद्यार्थ्याची नोंद रद्द होऊ शकते. अपवाद क्वचित केला जातो: २०१५ च्या भूकंपानंतर आर्थिक अडचणीत आलेल्या नेपाळी विद्यार्थ्यांसाठी ही अट शिथिल करण्यात आली होती.

नोकरी मिळाल्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक (एसएसएन), म्हणजे पगार व कराच्या नोंदीसाठीचा सरकारी क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी नोकरी देणाऱ्या विभागाचे आणि विद्यापीठातील नियुक्त अधिकाऱ्याचे (डीएसओ) अशी दोन पत्रे लागतात. नोकरीआधी हा क्रमांक मागायला जाणारे हात हलवत परत येतात. कामावर रुजू झाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत आय-९ या कामाचा हक्क तपासणाऱ्या अर्जासाठी पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) आणि आय-२० दाखवायचे असतात.

जाहिरातीत ‘वर्क-स्टडी’ असे लिहिलेले असेल तर ती जागा वेगळी. १९६४ च्या कायद्याने सुरू झालेली ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची मदत योजना अमेरिकी नागरिक, स्थायी रहिवासी व काही ठरावीक बिगर-नागरिकांपुरती आहे, आणि तिथे घरची आर्थिक गरज तपासली जाते. महाराष्ट्रातील ‘कमवा आणि शिका’ची परंपरा, जिच्यावर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज उभे केले, तीही गरजू विद्यार्थ्याला धरूनच आहे. एफ-१ च्या नियमात गरजेचा प्रश्नच येत नाही. विद्यार्थ्याने फीची सोय व्हिसाआधीच दाखवलेली असते.

कराच्या बाबतीत या विद्यार्थ्यांना दोन सवलती आहेत. करासाठी अनिवासी असेपर्यंत, म्हणजे बहुतेकांना पहिली पाच कॅलेंडर वर्षे, पगारातून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा) या योजनांचे मिळून ७.६५ टक्के कापले जात नाहीत. दुसरी खास भारतीयांसाठी: १९८९ च्या भारत-अमेरिका करारातील कलम २१ मुळे त्यांना प्रमाणित वजावट (करपात्र उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) मिळते. ती इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही, आणि विवरणपत्र घाईत भरणाऱ्यांच्या हातून तीच नेमकी सुटते.

विद्यापीठ बदलले की परवानगी सेव्हिसमधील नोंदीबरोबर नव्या विद्यापीठाकडे जाते. त्या दिवसापासून जुन्या ठिकाणचे काम थांबवावे लागते. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर देशात राहायला ६० दिवस मिळतात, पण त्या दिवसांत ग्रंथालयाच्या काउंटरवरही बसता येत नाही.