लॅपटॉप आणि इंटरनेट : मूलभूत संज्ञा

लॅपटॉप व इंटरनेट वापरताना रोज कानावर पडणाऱ्या रॅम, एसएसडी, विंडोज, ब्राउझर, वाय-फाय, क्लाऊड अशा संज्ञांचा हा परिचय घरात पहिल्यांदाच लॅपटॉप आलेल्यांसाठी आहे. सोलापुरात बहुधा मुलांच्या इंजिनिअरिंगच्या किंवा डिप्लोमाच्या प्रवेशाला ही खरेदी होते. नवी पेठेतल्या दुकानात हे शब्द एका दमात सांगितले जातात, गिऱ्हाईक मान डोलावते आणि घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. गोंधळाचे कारण साधे आहे. या शब्दांतल्या काही गोष्टी यंत्राच्या पोटात असतात, काही वाटेवर असतात आणि काही दूरच्या शहरातल्या दुसऱ्याच यंत्रात. बोलताना मात्र सगळ्यांचीच सरमिसळ होते. म्हणून कोणतीही संज्ञा ऐकली की ‘ही वस्तू नेमकी आहे कुठे?’ हे आधी विचारावे.

बिट आणि बाइट : संगणकाला दोनच खुणा कळतात, ० आणि १. अशा एका खुणेला बिट म्हणतात. आठ बिट मिळून एक बाइट. सोलापूरकराला ही कल्पना मागावर पाहायला मिळते, कारण चादरीवरची नक्षी उमटवणाऱ्या जकार्डची रीत हीच आहे. जकार्डवर छिद्रे पाडलेल्या कार्डांची माळ फिरते. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. कार्डात जिथे छिद्र असेल तिथे सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला उभा धागा वर येतो. जिथे छिद्र नाही तिथे धागा खालीच राहतो. चादरीवरची वेल, फूल, मोर, सगळे छिद्र आहे की नाही एवढ्यावर उभे राहते. फ्रान्समधल्या ल्यों शहरातील जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणले. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी ‘ॲनालिटिकल इंजिन’ या गणनयंत्राचा आराखडा करताना कार्डांची कल्पना याच मागावरून उचलली. हर्मन हॉलरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रांची कार्डे मोजणारी यंत्रे तयार केली. आता जकार्डही इलेक्ट्रॉनिक झाले आहेत, पण आत चालणारा हिशेब तोच आहे.

बाइटपासून वर केबी, एमबी, जीबी, टीबी अशी चढती मापे आहेत. इथे नव्या मालकाला हमखास शंका येते : खोक्यावर ५१२ जीबी छापलेले असते आणि विंडोज मात्र ४७६ जीबी दाखवते. यात कोणी काही कापून घेतलेले नसते. कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, तर विंडोज १,०२४ च्या पटीने मोजत १०७ कोटी ३७ लाखांहून अधिक बाइटांना एक जीबी म्हणते. जागा तेवढीच, माप वेगळे.

नेटच्या वेगातही असाच घोळ आहे. कनेक्शनचा वेग ‘१०० एमबीपीएस’ सांगतात तेव्हा तो मेगाबिटांत असतो. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटांत. म्हणून आठाने भागायचे. १०० चा वेग असला तरी सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात आणि एक जीबीच्या फाइलला सव्वा मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो.

यंत्राच्या आत : प्रोसेसर हिशेब करतो, रॅममध्ये चालू काम मांडलेले असते आणि एसएसडीवर सगळे कायमचे साठते. ‘मेमरी’ हा एकच शब्द लोक रॅम आणि साठवण या दोन्हींसाठी वापरतात, तिथे गाडी अडते. ‘मेमरी फुल्ल झाली’ म्हणून फोटो उडवले तरी हँग होणारा लॅपटॉप सुधारत नाही, कारण कमी पडत असते ती बहुधा रॅम. रॅममधले काम लाईट गेली किंवा यंत्र बंद झाले की पुसले जाते. सेव्ह करणे म्हणजे ते रॅममधून एसएसडीवर उतरवणे. कॉलेजच्या साध्या कामाला ८ जीबी रॅम चालते, पण पुढे तीन-चार वर्षे वापरायचे असेल तर १६ जीबी घ्यावी. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच पक्की बसवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, म्हणून हे दुकानातच विचारून घ्यावे. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवण्याइतका पैसे वसूल करणारा दुसरा खर्च नाही.

उष्णतेबद्दल सोलापुरात वेगळे सांगायलाच हवे. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळीशीपार जातो, आणि बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे लिहितात. गरम झाले की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. दुपारी लॅपटॉप मंद का चालतो याचे उत्तर अनेकदा एवढेच असते. लिथियम बॅटरीचे आयुष्यही उष्णतेने घटते. पलंगावर जाड चादर अंथरून तिच्यावर लॅपटॉप ठेवू नये. खालच्या जाळीतून हवा आत ओढली जाते, ती वाट चादरीने बुजते. टेबलावर किंवा लाकडी फळीवर ठेवावा. धातूच्या अंगाला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले तर तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत लावलेला असतो किंवा घराच्या अर्थिंगमध्ये दोष असतो. इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्यावे.

ऑपरेटिंग सिस्टीम आणि अकाउंट : यंत्राचे सगळे भाग चालवणारे मूळ सॉफ्टवेअर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स ही त्यांतली प्रमुख नावे. उबंटूसारखे लिनक्सचे प्रकार मोफत मिळतात आणि अभ्यासाला उत्तम चालतात. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून सेकंडहँड लॅपटॉप घेताना त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते का हे पाहावे. ‘सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो’ असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येतो, आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचे अस्सल ऑफिस (लेखन व हिशेबाची सॉफ्टवेअर) आधीच दिलेले असते.

या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा सल्ला अकाउंटबद्दल आहे. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे अकाउंट मागितले जाते. दुकानात गर्दी असते, गिऱ्हाईकाला स्वतःचा ई-मेल आठवत नाही, मग काउंटरवरचा मुलगा पटकन आपल्या किंवा नव्याच बनवलेल्या मेलवर काम उरकतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या क्षणी दोन गोष्टी त्या मेलशी बांधल्या जातात. एक, लॅपटॉपसोबत आलेले ऑफिस. दुसरी, ४८ अंकी रिकव्हरी की. विंडोज ११ चे अनेक लॅपटॉप साठवलेली सगळी माहिती आपोआप कुलूपबंद करतात आणि त्या कुलपाची किल्ली अकाउंटमध्ये ठेवतात. दोन वर्षांनी एखाद्या अपडेटनंतर निळ्या पडद्यावर ती किल्ली मागितली गेली आणि मेल कोणाचा होता हेच ठाऊक नसले, तर प्रोजेक्ट, फोटो, सर्टिफिकेटे सगळे आत अडकते. कोणताही मेकॅनिक ते उघडून देऊ शकत नाही. म्हणून खोके बंदच घरी आणावे किंवा दुकानात मालकाने स्वतःच्या मेलने, स्वतःच्या मोबाइल नंबरने अकाउंट उघडावे. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवणे विसरून जाण्यापेक्षा कितीतरी बरे.

फाइल, फाँट आणि युनिकोड : फाइल म्हणजे नाव देऊन साठवलेला मजकूर, चित्र किंवा आवाज; फोल्डर म्हणजे फाइली ठेवायची जागा. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे फाइलचा प्रकार सांगतात. पीडीएफ कुठेही उघडली तरी मांडणी तशीच राहते, म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जाला तीच मागतात.

मराठी लिहिणाऱ्याने एक फरक पक्का समजून घ्यावा. लग्नपत्रिका आणि हँडबिले करणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत अनेक वर्षे जुन्या पद्धतीचे फाँट चालत आले. त्यांत साठवलेली अक्षरे आतून रोमनच असतात, फक्त त्यांना देवनागरीचे रूप चढवलेले असते. तो मजकूर मेलने घरी आला आणि तो फाँट लॅपटॉपवर नसला की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. युनिकोडमध्ये तसे होत नाही, कारण जगातल्या जवळपास सगळ्या वापरातल्या लिप्यांच्या अक्षरांना तिथे स्वतःचे क्रमांक आहेत. १९९१ साली आलेल्या या प्रमाणात देवनागरीसाठी १२८ जागांचा गट राखलेला आहे. तेलुगू आणि कन्नडला त्यांचे स्वतंत्र गट आहेत. ज्या शहरात एकाच गल्लीत या तिन्ही भाषा बोलल्या जातात, तिथे एकाच फाइलमध्ये तिन्ही लिप्या शेजारी शेजारी नांदू शकतात ही मोठीच सोय आहे. जवळून पाहायचे तर ‘सोलापूर’ हा शब्द युनिकोडला स, ओकार, ल, काना, प, दीर्घ ऊकार आणि र असा सात खुणांचा दिसतो. नेटवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणून हा शब्द २१ बाइटांचा होतो. रोमन लिपीत तो सात बाइटांत बसतो.

टायपिंगसाठी विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडली की विंडोज आणि स्पेस ही दोन बटणे एकत्र दाबून लिपी बदलता येते. बोलल्याप्रमाणे रोमन अक्षरे दाबण्याची सोय नवख्याला सोपी वाटते. तरीही इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिकावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. त्यात ‘क’ ज्या बटणावर मराठीत असतो त्याच बटणावर तेलुगूत आणि कन्नडमध्येही असतो. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी लिहिणाऱ्या मुलाला एकदाच शिकून दोन्ही भाषा हातात येतात.

नेट, वाय-फाय, वेब : इंटरनेट म्हणजे जगभरची जाळी एकमेकांना जोडणारे महाजाल. त्यातून माहिती छोट्या छोट्या पाकिटांत विभागून जाते आणि पोहोचल्यावर पुन्हा जुळवली जाते. त्यासाठीचे आजचे नियम १ जानेवारी १९८३ पासून रूढ झाले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. वेब ही इंटरनेटवर चालणाऱ्या अनेक सेवांपैकी एक. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत तिचा प्रस्ताव मांडला. ई-मेल आणि व्हिडिओ कॉल याच इंटरनेटवरून चालणाऱ्या वेगळ्या सेवा आहेत.

वाय-फाय ही लॅपटॉपपासून घरातल्या राउटरपर्यंतची, म्हणजे बाहेरून आलेले नेट घरात वाटणाऱ्या पेटीपर्यंतची बिनतारी वाट, एवढेच. ‘वाय-फाय फुल्ल आहे, तरी नेट चालत नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी असू शकते : घरातली वाट शाबूत असते, राउटरपासून पुढची केबल तुटलेली असते. मोबाइलवर तेच संकेतस्थळ डेटा वापरून उघडून पाहिले की दोष कुठे आहे ते कळते. राउटरवर दोन नावे दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झचे जवळून वेगवान असते आणि २.४ चे भिंतीपलीकडे लांब पोहोचते. जुन्या पेठांतल्या जाड भिंतींच्या घरांत दुसरेच कामी येते.

ब्राउझर हे वेबची पाने उघडणारे सॉफ्टवेअर : क्रोम, एज, फायरफॉक्स. ते लॅपटॉपवर असते. गूगल हे शोधयंत्र दूरच्या संगणकांवर असते. शोधात वर आलेला पहिला दुवा अनेकदा जाहिरात असतो, म्हणून बँकेचे किंवा सरकारी कामाचे संकेतस्थळ शोधून उघडू नये. पूर्ण पत्ता वरच्या पट्टीत स्वतः लिहावा. पत्ता वाचायचीही रीत आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधावी आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचावे. खरा मालक त्या रेघेच्या लगेच डावीकडे असतो. तिथे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर स्थळ सरकारी. हीच अक्षरे पत्त्याच्या मध्ये कुठेतरी असून शेवटी भलतेच नाव असेल तर ते सरकारी नाही, पान कितीही हुबेहूब असो. कुलपाची खूण किंवा ‘एचटीटीपीएस’ यांचा अर्थ वाटेत कोणी वाचू शकत नाही इतकाच. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे याची हमी त्यात नाही.

क्लाऊड : क्लाऊडवर ठेवलेली फाइल कंपनीच्या संगणकांवर असते. गूगल १५ जीबी आणि मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह ५ जीबी जागा फुकट देते. नव्या विंडोज लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर पुष्कळदा आपोआप वनड्राइव्हला जोडले जातात, आणि जागा भरली की पैसे भरण्याचे संदेश सुरू होतात. सिंक म्हणजे दोन्हीकडे एकच प्रत. लॅपटॉपवरून फाइल उडवली की तिकडूनही जाते. ती साधारण ३० दिवस तिकडच्या कचरापेटीत सापडते, नंतर नाही. बॅकअप वेगळा. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून ठेवली, तर तो खरा बॅकअप.

पासवर्ड, ओटीपी आणि फसवणूक : मेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नये, कारण बाकीचे सगळे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. त्याला द्विस्तरीय पडताळणीही, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर आलेला एकदाच चालणारा आकडा (ओटीपी) मागण्याची सोयही लावावी. फोनवरून ‘दुरुस्तीसाठी’ एखादे सॉफ्टवेअर टाकायला सांगून लॅपटॉपचा पडदा दूरच्या माणसाच्या हाती द्यायला लावणे हा फसवणुकीचा रुळलेला मार्ग आहे. कोणतीही बँक तसे सांगत नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वेशात बसून ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगतात, तशी अटक भारतीय कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लाज बाळगून वेळ घालवू नये. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, बँकेला कळवावे आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर फिरवले जातात. ते काढून घेतले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ती रक्कम मध्येच गोठवता येते.