चीज बोर्डावरील जोड्यांची पार्श्वभूमी

कोणत्या चीजसोबत कोणती वाइन द्यावी, याचे जे संकेत आज चीज बोर्ड, म्हणजे निरनिराळ्या चीजचे ताट, मांडताना पाळले जातात, त्यांपैकी बरेचसे रसिकांच्या जिभेआधी भूगोलाने आणि व्यापाराने ठरवले होते.

फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील ज्युरा डोंगराळ भागात हिवाळा दीर्घ असतो. उन्हाळ्यातील दूध तोपर्यंत टिकवायचे, तर महिनोन्‌महिने मुरणारे मोठे, घट्ट चीज करणे भाग होते. कोंते चीजच्या एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागते. एवढे दूध एका गोठ्यात निघत नसल्याने मध्ययुगापासूनच तेथील शेतकरी आपल्याकडच्या दूध सोसायटीसारखे एकत्र येऊन चीज करू लागले. त्याच प्रदेशातील, पिंपात सहा वर्षांहून अधिक काळ मुरणाऱ्या 'व्हॅं झोन' या वाइनला अक्रोडासारखी चव असते आणि जुन्या कोंतेतही ती आढळते, म्हणून माझ्या मते ही जोडी सर्वांत स्वाभाविक आहे.

स्टिल्टन हे निळ्या बुरशीचे इंग्लिश चीज आणि पोर्ट ही गोड पोर्तुगीज वाइन यांची गोष्ट वेगळी आहे, कारण ही जोडी एका मातीतली नव्हे. फ्रान्सशी वारंवार होणारी युद्धे आणि पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनच्या तुलनेत एक तृतीयांशाने कमी ठेवणारा १७०३ चा मेथ्युएन करार, यांमुळे इंग्रजांच्या टेबलावर पोर्ट स्थिरावली. आंबण्याची क्रिया मध्येच ब्रँडी घालून थांबवल्याने तिच्यात द्राक्षांची साखर शिल्लक राहते, आणि निळ्या बुरशीच्या चीजचा खारटपणा व तिखटपणा हीच गोडी सावरते. याच शतकात लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील स्टिल्टन गावी, घोडागाड्या थांबत त्या 'बेल' खानावळीत, हे चीज प्रवाशांना विकले जाई. विक्रीच्या गावाचे नाव त्याला चिकटले. मात्र आजच्या नियमांनुसार ते केवळ डर्बीशायर, लेस्टरशायर व नॉटिंगहॅमशायर येथेच करता येते, आणि खुद्द स्टिल्टन गाव या तिन्हींच्या बाहेर आहे.

नावाला असे कायदेशीर कुंपण घालण्याची परंपरा जुनी आहे. मेंढीच्या दुधाचे रॉकफोर चीज ज्या गुहांत मुरते, तेथे खडकांतील भेगांमधून सतत गार, दमट हवा खेळते आणि निळी बुरशी पोसली जाते. फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्स राजाने १४११ मध्ये ते मुरवण्याचा हक्क रॉकफोर गावालाच दिला. १९२५ मध्ये फ्रान्सने त्याच्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले आणि १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने अशा संरक्षणाची सामाईक व्यवस्था उभारली. बोर्डासाठी चीज निवडताना वेष्टनावर दिसणारा लाल-पिवळा गोल शिक्का याच व्यवस्थेचा आहे.