बदाम, अक्रोड, शेंगदाणे आणि एलडीएलचा हिशेब

बदाम-अक्रोडांनी कोलेस्टेरॉल उतरतं, हे खरं. किती उतरतं, हे फारसं कुणी विचारत नाही. 2010 साली सात देशांतल्या 25 प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. रोज सरासरी 67 ग्रॅम कवचफळं खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारं कोलेस्टेरॉल, 7.4 टक्क्यांनी घटलं होतं. एलडीएल 160 (एक डेसिलीटर रक्तात 160 मिलिग्रॅम) असेल तर ते 148 च्या आसपास येईल. पण 67 ग्रॅम म्हणजे पन्नासहून अधिक बदाम आणि 400 च्या घरात कॅलरी! रोजच्या 28 ग्रॅमला घट साधारण 5 मिलिग्रॅमच भरते, असं 2015 मधल्या 61 प्रयोगांच्या आढाव्यात दिसलं. प्रकार कोणता यापेक्षा प्रमाण किती, याला जास्त महत्त्व असल्याचंही त्यात आढळलं.

हे घडतं कसं? तूप, लोणी, पामतेल यांतल्या संपृक्त चरबीमुळे रक्तातलं एलडीएल उचलून घेणारी यकृताची यंत्रणा मंदावते. त्या चरबीच्या जागी असंपृक्त चरबी आली की ती पुन्हा जोमाने चालते. शिवाय दाण्यांतले वनस्पती-स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवतात, त्यामुळे ते कमी शोषलं जातं. ‘जागी’ हा शब्द इथे कळीचा. चहासोबतची शेव-चकली तशीच ठेवून वर मूठभर बदाम खाल्ले, तर वाढतात त्या कॅलरी.

स्पेनमधल्या 7447 जणांच्या प्रयोगात एका गटाला रोज 30 ग्रॅम मिश्रण दिलं होतं : 15 ग्रॅम अक्रोड, साडेसात ग्रॅम बदाम, साडेसात ग्रॅम हेझलनट. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि अशा आजारांनी येणारे मृत्यू, हे सगळं धरून धोका सुमारे 28 टक्क्यांनी कमी भरला. सहभागींच्या वाटणीतल्या चुकांमुळे 2013 चा तो शोधनिबंध मागे घेऊन 2018 मध्ये सुधारून छापावा लागला, निष्कर्ष मात्र जवळपास तोच राहिला. अर्थात त्या गटाचा बाकीचा आहारही भाज्या, कडधान्यं आणि मासे असाच होता, तेव्हा सगळं श्रेय अक्रोडाला देता येत नाही.

आपल्या काजूचं काय? चेन्नईत टाइप 2 मधुमेहाच्या 300 जणांवर 12 आठवडे प्रयोग झाला, त्यात निम्म्यांना रोज 30 ग्रॅम काजू दिले. वजन वाढलं नाही, वरचा रक्तदाब थोडा उतरला, एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, किंचित वाढलं. एलडीएल मात्र हललं नाही. म्हणजे एलडीएलसाठी काजूवर भिस्त ठेवू नये, पण घाबरून सोडायचंही कारण नाही. काजूकतली हा वेगळा विषय! ओल्या-सुक्या खोबऱ्यालाही या यादीत जागा नाही, कारण त्यातली बहुतेक चरबी संपृक्त असते.

शेंगदाणा शास्त्राने कडधान्यांच्या कुळातला, पण चरबीची ठेवण बदामासारखीच, आणि किंमत कितीतरी कमी. महाग अक्रोड परवडत नाहीत म्हणून हळहळू नये, भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे खावेत. काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशीचा वास येणारे दाणे मात्र टाकून द्यावेत. त्यांत यकृताला घातक अफ्लाटॉक्सिन असू शकतं. नुसते भाजून ते पूर्ण जात नाही.

30 ग्रॅम एकदा वजनकाट्यावर मोजून पाहावेत : साधारण 25 बदाम, नाहीतर अक्रोडाचे 14-15 अर्धे गर. हाताची मूठ फसवते. अक्रोडातली नाजूक चरबी हवेने आणि उन्हाने लवकर खवट होते, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवावेत. खारवलेले पिस्ते रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावेत. दाण्यांची ॲलर्जी असणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही, आणि लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात.

स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवावी. 30 ते 50 टक्के घट गोळीने होते, मूठभर दाण्यांनी नाही. खाण्यातला बदल सहा ते बारा आठवडे टिकवून मगच लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, पुन्हा करावं, त्याआधीच्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही.