टाचेवरचा फोड आणि तुळजापूरची वाट

कोजागरीच्या सुमाराला सोलापूर-तुळजापूर रस्ता माणसांनी भरून जातो. साधारण 45 किलोमीटरची वाट, बहुतेक जण रात्रीतून चालतात, कितीतरी अनवाणी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पायात नवे कोरे बूट होते. तामलवाडीच्या अलीकडेच डावी टाच झणझणायला लागली. मंडपात बसून मोजा काढला तर बोराएवढा फोड. वरचं कातडं ओढायला गेलो, तशी शेजारच्या मावशींनी माझा हात धरला. “कातडं काढू नगंस बाळा. खाली कच्चं हाय, त्याला झाकण लागतंय.”

मावशींचं बोलणं किती नेमकं होतं, ते फोड कसा होतो हे वाचल्यावर कळलं.

बूट कातडीला वरून घासतो आणि फोड येतो, असं आपण धरून चालतो. वरून घासलं तर कातडी सोलवटते, खरचटते. फोडाची गोष्ट आत घडते. एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर टेकवा आणि अजिबात न घसरवता पुढेमागे हलवा. कातडी बोटाबरोबर जाते, खालचं हाड जागेवरच राहतं. मधल्या थरांची ओढाताण होते. चालताना टाचेत हेच घडतं: घामानं कातडी मोज्याला चिकटून राहते आणि आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढेमागे होतं. 45 किलोमीटरमध्ये एकेका पायाची तीस हजारांच्या आसपास पावलं पडतात. ही ओढाताण सोसेनाशी झाली की बाह्यत्वचेच्या मधल्या थरातल्या पेशी एकमेकींपासून फाटतात. त्या फटीत दोनेक तासांत रक्तद्रवासारखं पाणी भरतं. तळवे आणि तळहात इथलीच कातडी जाड आणि खाली घट्ट बांधलेली, म्हणून फोड तिथेच जास्त येतात.

यात ओलाव्याचं काम मोठं आहे. अगदी कोरडी कातडी मोज्यावरून सहज सरकते, चिंब भिजलेलीही सरकते. सर्वांत वाईट ती दमट कातडी, कारण तीच सर्वांत जास्त चिकटते. आपल्या सोलापुरी टॉवेलचं नाव झालं ते सुती धागा पाणी पिऊन धरून ठेवतो म्हणून. आंघोळीनंतर हवाहवासा वाटणारा हाच गुण मोज्यात मात्र पायाच्या मुळावर येतो, कारण सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि पाय तासन्‌तास दमट राहतो. लांब चालायचं किंवा पळायचं असेल तर घाम बाहेर सोडणारे कृत्रिम धाग्याचे मोजे घ्यावेत. आत एक पातळ मोजा आणि वर दुसरा घातला तर सरकणं दोन मोज्यांमध्ये होतं, कातडी वाचते. जादा जोड पिशवीत हवाच. व्हॅसलीननं घर्षण सुरुवातीला कमी होतं, पण काही वेळानं उलट वाढतं. लावायचंच तर पुन्हा पुन्हा लावावं लागतं. पावडरचे घामात गोळे होतात, मी ती सोडून दिली.

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत घाम रोखणारं औषध पायाला लावून छात्रांना 21 किलोमीटर चालवलं होतं. औषधवाल्यांपैकी 21 टक्क्यांना फोड आले, औषध नसलेलं नुसतं द्रावण लावलेल्यांपैकी 48 टक्क्यांना. पण औषधवाल्यांपैकी 57 टक्क्यांच्या पायांची आग झाली, त्यामुळे हा उपाय मी कुणाला सुचवत नाही. त्यापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी बरी. वाळवंटातून 250 किलोमीटर पळणाऱ्यांवर तिचा प्रयोग झाला, त्यात पट्टी लावलेल्या जागी फोड बरेच कमी आले. नेहमी लागते ती जागा निघण्याआधीच झाकावी. वाटेत एखादी जागा गरम लागली, चुरचुरली, तर तिथेच थांबावं. पुढच्या मंडपात बघू म्हटलं की फोड आलाच. आणि बूट महिनाभर आधी, संध्याकाळी घ्यावेत. दिवसभरात पाय सुजलेला असतो. रोज थोडं थोडं चाललं की तळव्याची कातडी जाड होत जाते.

फोड आलाच तर? लहान असेल, दुखत नसेल, तर हात लावू नये. मोठा, ठणकणारा असेल तर जागा साबणानं धुवावी, निर्जंतुक सुईनं कडेला, खालच्या बाजूला टोचावं, पाणी हलकेच दाबून काढावं. कातडं तसंच ठेवून वर न चिकटणारी पट्टी लावावी. रक्ताचा फोड फोडू नये. आपल्याकडे सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवतात. पाणी झिरपतं हे खरं, पण रस्त्यावरची घाण त्याच दोऱ्यानं आत जाते. हळद आणि टूथपेस्टही नको.

1924 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा 16 वर्षांचा मुलगा, कॅल्विन कूलिज धाकटा, मोजे न घालता टेनिस खेळला. बोटाला फोड आला, त्यात जंतू शिरले, रक्तात विष पसरलं आणि आठवडाभरात तो गेला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज आहेत, पण वेळेवर गेलं तर. लाली पसरत असेल, पू येत असेल, पायावर लाल रेघ चढत असेल किंवा ताप असेल, तर डॉक्टर गाठावा. मधुमेह असलेल्यांनी फोड घरी फोडूच नये. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. जखम चिघळते तरी दुखत नाही. आपल्या घरातली अशी वडीलधारी माणसं अनवाणी निघणार असतील, तर निदान दर मंडपात त्यांचे तळवे बॅटरीच्या उजेडात आपण पाहावेत.

बाकीच्यांचं काम शरीर लगेच हाती घेतं. सहा तासांत तळच्या पेशी जाग्या होतात, दिवसभरात भराभर विभागू लागतात, पाचेक दिवसांत वरचा कठीण थरही नव्यानं तयार होतो. मग ते जुनं कातडं वाळून आपोआप सुटतं.