डेन्मार्कची क्रिस्टीना (होल्बाइनकृत व्यक्तिचित्र)

डेन्मार्कची क्रिस्टीना : धाकटा हान्स होल्बाइन (१४९७/९८–१५४३) या जर्मन चित्रकाराने १५३८ मध्ये रंगविलेले पूर्णाकृती व्यक्तिचित्र. ओक लाकडाच्या फळीवर तैलरंगांत रंगविलेले हे चित्र सुमारे १७९ सेंमी. उंच व ८२.५ सेंमी. रुंद असून ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या चौथ्या विवाहासाठी स्थळे पाहिली जात असताना ते काढवून घेण्यात आले.

हेन्रीची तिसरी राणी जेन सीमूर ऑक्टोबर १५३७ मध्ये, राजपुत्र एडवर्डच्या जन्मानंतर काही दिवसांतच मरण पावली आणि लगेच युरोपभरच्या राजकन्यांची चौकशी सुरू झाली. क्रिस्टीना ही डेन्मार्कचा पदच्युत राजा दुसरा ख्रिस्तियान याची मुलगी आणि सम्राट पाचवा चार्ल्स याची भाची. मिलानचा ड्यूक दुसरा फ्रान्चेस्को स्फोर्झा याच्याशी तिचा विवाह ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची असताना ठरविण्यात आला होता आणि १५३५ मध्ये तो वारल्यामुळे ती बालवयातच विधवा झाली. त्यानंतर ती नेदरलँड्सचा कारभार पाहणारी आपली मावशी, हंगेरीची मेरी, हिच्याजवळ ब्रसेल्सला राहत होती. तिथला इंग्रज वकील (राजदूत) जॉन हटन याने लंडनला पाठविलेल्या वर्णनात तिचे वय सोळा वर्षे सांगितले आहे. ती वयाच्या मानाने खूप उंच आहे आणि हसली की दोन्ही गालांवर व हनुवटीवर खळी पडते, असेही त्यात आहे. वधूपरीक्षेची ही भाषा मराठी वाचकाला मुळीच अनोळखी वाटणार नाही. हेन्रीचे मात्र अशा शब्दचित्रांवर समाधान होत नसे. त्याला चेहरा पाहायचा असे.

होल्बाइन १० मार्च १५३८ रोजी ब्रसेल्सला पोहोचला. हटनने दुसऱ्या एका चित्रकाराकडून आधीच एक चित्र करवून ते रवाना केले होते. पण होल्बाइन आल्याचे कळताच त्याने ते नेणाऱ्या माणसाला माघारी बोलावले. १२ मार्चला दुपारी क्रिस्टीना होल्बाइनसमोर तीन तास बसली. एवढ्या वेळात मोठे तैलचित्र होणे शक्यच नव्हते. आधी खडूने चेहऱ्याचे नेमके रेखाटन करायचे, रंगांच्या व कपड्यांच्या खुणा टिपून घ्यायच्या आणि चित्र चित्रशाळेत रंगवायचे, ही होल्बाइनची नेहमीची पद्धत होती. विंडसर येथील राजसंग्रहातली त्याची अनेक रेखाटने या पद्धतीची साक्ष देतात. क्रिस्टीनाचे रेखाटन मात्र आज उपलब्ध नाही. ते लंडनला पोहोचल्यानंतर राजाची मनःस्थिती एकदम पालटली आणि वादक दिवसभर वाजवू लागले, असे सम्राटाचा वकील शापुई याने कळविले आहे.

दरबारी व्यक्तिचित्रात अपेक्षित असलेला थाट या चित्रात जवळजवळ नाही. सिंहासन नाही, पडदा नाही, गळ्यात रत्नहारही नाही. क्रिस्टीना सुतकी वेशात उभी आहे : केस पूर्ण झाकणारी काळी टोपी, पायघोळ काळा झगा आणि त्याच्या कडेने गळ्यापासून खालपर्यंत उतरत जाणारा तपकिरी फरचा पट्टा. मागे निळसर हिरवी सपाट भिंत आहे आणि भिंतीवर पडलेल्या सावलीमुळेच ती खोलीत उभी असल्याचे जाणवते. एवढ्या मोठ्या काळ्या आकारात उजेड फक्त चेहऱ्यावर आणि हातांवर आहे. पांढरी कॉलर व मनगटांवरच्या पांढऱ्या चुण्या त्या दोहोंना जणू चौकट घालतात. हात विशेष पाहण्याजोगे आहेत. बोटे लांबसडक असून एका बोटात लाल खड्याची अंगठी आहे आणि काढलेले हातमोजे तिने सैलसर धरले आहेत. हटनने वर्णिलेल्या खळ्या येथे दिसत नाहीत, कारण ती हसत नाही. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दबलेले आहे इतकेच. ती थेट समोर पाहते. हे चित्र स्थळ पाहणाऱ्यासाठी काढलेले असले, तरी पाहणाऱ्याला खूश करण्याचा कसलाही प्रयत्न त्यात आढळत नाही आणि त्याची पकड मुख्यतः याच संयमात आहे. सुतकी वेश तिच्या वैधव्याला धरून होता. पण काळ्या रंगाच्या छटांतून रेशमाची चकाकी आणि घड्यांचे वजन उभे करण्याची संधी होल्बाइनने त्यात साधली.

विवाह झाला नाही. हेन्रीची पहिली राणी, अ‍ॅरागॉनची कॅथरीन, ही क्रिस्टीनाच्या आजीची बहीण असल्यामुळे या नात्यासाठी धर्मपीठाची परवानगी हवी होती आणि पोपची सत्ता तर हेन्री मानतच नव्हता. सम्राट व फ्रान्स यांचे सूत जमल्यावर १५३९ च्या सुरुवातीला वाटाघाटी थांबल्या. आपल्याला दोन डोकी असती तर एक इंग्लंडच्या राजाच्या हवाली केले असते, असे क्रिस्टीना म्हणाल्याची गोष्ट चित्राबरोबर हमखास सांगितली जाते. तिला समकालीन आधार नाही. हेन्रीची दुसरी राणी अ‍ॅन बुलिन हिचा शिरच्छेद सर्वांच्या स्मरणात असल्याने ती पटण्याजोगी वाटते, एवढेच. त्याच वर्षी होल्बाइनला क्लीव्ह्जच्या अ‍ॅनचे चित्र काढायला पाठविण्यात आले. तिचा हेन्रीशी विवाह जानेवारी १५४० मध्ये झाला आणि सहा महिन्यांत रद्द ठरला.

सोयरीक मोडली तरी हेन्रीने क्रिस्टीनाचे चित्र स्वतःजवळच ठेवले. तिने १५४१ मध्ये लोरेनच्या फ्रान्सिसशी विवाह केला, पुन्हा वैधव्य पाहिले आणि १५९० मध्ये तिचे निधन झाले. चित्र पुढे अरुंडेलच्या अर्लकडे व त्या घराण्यातून नॉरफोकच्या ड्यूकांकडे आले. १९०९ मध्ये ते विक्रीस निघाले, तेव्हा ते अमेरिकेला जाईल अशी धास्ती होती. ७२,००० पौंडांची किंमत वर्गणीतून जमेना. अखेर नाव न सांगता एका स्त्रीने ४०,००० पौंड दिले आणि चित्र नॅशनल गॅलरीच्या मालकीचे झाले.